मुक्काम मत्राह : जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी



मागच्या पाठात आपण घड्याळ वाचायला शिकलो. सव्वा, साडे, पावणे आता बहुतेकांना जमतात, दीड आणि अडीच मात्र अजून काहींच्या जिभेवर अडखळतात. या अंकात तीच वेळ घेऊन आपण बंदरावर जाणार आहोत.

निझव्यात राहून बंदराचा पाठ कशाला, असे कोणी विचारील. आपल्याकडे डोंगर, खजुराच्या बागा, फलजचे वाहते पाणी आणि किल्ला. समुद्र पाहायचा तर दोन तास गाडीत बसावे लागते. पाठाचे कारण तेच आहे. हिवाळ्याच्या सुट्टीत आपल्यापैकी काही घरांत क्रूझचा, म्हणजे जहाजाच्या सहलीचा बेत चालतो. मुंबईहून आजी-आजोबा आलेले असले तर हमखास. मग जेवताना वाक्य येते, "मस्कत काय, इथेच तर आहे. सकाळी लवकर निघू आणि दुपारचं जहाज पकडू." आमचे मत असे की हे वाक्य मराठी म्हणून शुद्ध असले तरी बेत म्हणून कच्चे आहे. बंदराच्या गावी आदल्या दिवशी पोचावे, एक रात्र मुक्काम करावा आणि सकाळी जहाजाकडे जावे. ते का आणि कसे, हे शिकता शिकता भाषाही शिकू.

आधी काही शब्द

'बंदर' म्हटले की वर्गात हसू फुटते, कारण हिंदीत बंदर म्हणजे माकड. मराठीत माकड ते माकडच. आपले 'बंदर' फारसीतून आले आणि ते ओमानलाही परके नाही. मस्कतजवळच्या बंदर जिस्सा आणि बंदर खैरान या नावांत हाच शब्द आहे. अरबीत बंदराला 'मीना' म्हणतात. मत्राहच्या बंदराचे नाव 'मीना सुलतान काबूस', फाटकावरच्या पाटीवर ते वाचता येईल.

जहाज ज्याला टेकून उभे राहते, तो 'धक्का'. ढकलल्यावर बसतो तोही धक्काच. मुंबईचा 'भाऊचा धक्का' तुम्ही ऐकला असेल. लक्ष्मण हरिश्चंद्रजी ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकात तो बांधला आणि त्यांचे नाव त्याला कायमचे चिकटले. कोकणातल्या आजी-आजोबांना विचारा. रत्नागिरी, मालवण, पणजीकडे जाणाऱ्या बोटींच्या आठवणी निघतील आणि मग हा अंक बाजूला ठेवून तासभर ऐकावे लागेल. तसे झाले तर आमची हरकत नाही.

'गोदी' म्हणजे जिथे जहाजांची दुरुस्ती होते किंवा माल चढतो-उतरतो ती बंदिस्त जागा. जहाजातून प्रवास करणारे ते 'उतारू'. आपण जहाजावर 'चढतो', जहाजात 'बसतो' आणि तरीही आपल्याला म्हणायचे उतारू! भाषा अशीच असते. कोळी लोकांत होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतात, आणि सूरच्या धाऊंवर कप्तानाला 'नाखुदा' म्हणत. दोन्हींचे मूळ एकच, फारसी.

आता आजचा मुख्य शब्द, 'मुक्काम'. हाही अरबीतून आला. प्रवासात एखाद्या ठिकाणी थांबून रात्र काढणे म्हणजे मुक्काम. जुन्या पत्रांवर पत्त्यात 'मु. पो.' लिहीत, म्हणजे मुक्काम आणि पोस्ट. सफर, मुसाफिर, किल्ला, तारीख, हिशेब, दुकान, साबण हे सगळे शब्द तुमच्या अरबीच्या तासाला आणि आमच्या वर्गाला सारखेच कामाचे. 'मोसम' घ्या. अरबीत 'मौसिम' म्हणजे ऋतू, ठरलेला काळ. आपले 'मोसमी वारे' त्यातलेच, आणि याच वाऱ्यांच्या जोरावर कोकण आणि ओमान यांच्यात गलबते ये-जा करीत. 'जहाज' शब्दाने मात्र फसू नका. आजच्या अरबीत 'जिहाझ' म्हणजे यंत्र किंवा उपकरण. टॅक्सीवाल्याला जहाज सांगायचे असेल तर 'सफीना' म्हणा, किंवा सरळ 'मीना' म्हणा, म्हणजे तो बंदरावर नेईल.

'ला' आणि 'पर्यंत'

हा भाग लक्ष देऊन वाचा. पुढची दोन वाक्ये दिसायला सारखी आहेत.

जहाज पाचला सुटते.
जहाजावर साडेतीनपर्यंत चढायचे आहे.

'ला' म्हणजे नेमकी ती वेळ. 'पर्यंत' म्हणजे शेवटची मर्यादा, त्यानंतर दार बंद. तिकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेली वेळ बहुधा पहिल्या प्रकारची असते, जहाज सुटण्याची. आपल्याला हवी ती वेळ दुसऱ्या प्रकारची, आणि ती कागदावर कुठेतरी बारीक अक्षरांत असते. साधारणपणे जहाज सुटण्याच्या एक ते दोन तास आधी चढणे बंद होते. किती आधी, ते प्रत्येक कंपनीचे वेगळे. उतारूंची यादी पूर्ण करून अधिकाऱ्यांना द्यायची असते, पासपोर्ट तपासायचे असतात, शिडी काढायची असते. शिवाय कंपनी बहुधा प्रत्येक कुटुंबाला येण्याची ठराविक वेळ देते, उदाहरणार्थ 'बारा ते साडेबारा'. म्हणून घरी एक कागद घ्या आणि तीन ओळी लिहा: जहाज कितीला सुटते, कितीपर्यंत चढायचे, आणि आपली पाळी किती ते किती. हा कागद फ्रिजवर लावला तर मोठी माणसेही वाचतात.

इथे दोन शब्दयोगी अव्यये जोडून घेऊ: 'आधी' आणि 'आत'. 'साडेतीनच्या आधी' आणि 'साडेतीनच्या आत' जवळपास सारखेच. पण 'दोन तास आधी' म्हणजे मागे मोजणे, आणि 'दोन तासांच्या आत' म्हणजे आत्तापासून पुढे मोजणे. "जहाज सुटण्याच्या दोन तास आधी या" याऐवजी कोणी "दोन तासांच्या आत या" म्हणाले, तर सगळाच घोटाळा.

आणखी एक जोडी, 'आदला' आणि 'पुढला'. शुक्रवारचा आदला दिवस गुरुवार, आदली रात्र गुरुवारची रात्र. मराठीत 'काल' हा आजच्या मानाने असतो, 'आदल्या दिवशी' हा कुठल्याही दिवसाच्या मानाने. "जहाज शुक्रवारी सुटते, आम्ही आदल्या दिवशी मस्कतला पोचलो." इथे 'काल' म्हटले तर वाक्य चुकते.

निझव्याहून निघताना

निझवा ते मत्राह सुमारे १६० किलोमीटर. रस्ता रुंद आहे, इझ्की, सुमाईल, बिदबिद, फंजा अशी गावे मागे टाकत तो डोंगरांमधल्या सुमाईलच्या खिंडीतून समुद्राकडे उतरतो. सगळे सुरळीत असले तर दोन तासांत पोचता येते, आणि फसवतो तो हाच आकडा. विमान चुकले तर पुढच्या विमानात जागा शोधता येते. जहाज चुकले तर पुढचे जहाज आठवड्याने, आणि तेही आपले नसते. मग पुढच्या बंदरावर विमानाने जाऊन जहाज गाठायचे, तेही सगळे व्हिसे हातात असतील तरच. तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

दोन तासांचे चार तास कशाने होतात? अपघाताने, टायर फुटल्याने, गावातल्या गर्दीने. जहाज शुक्रवारचे असेल तर आपल्याच गावचा बकऱ्यांचा बाजार आठवा. शुक्रवारी पहाटेपासून किल्ल्याजवळ पिकअप गाड्यांची रांग लागते आणि बकऱ्या, गिऱ्हाइके व पर्यटक यांतून गाडी काढता काढता अर्धा तास सहज जातो. रविवार ते गुरुवार सकाळी मस्कतमध्ये शिरणारे रस्ते कचेरीला जाणाऱ्यांनी भरलेले असतात. २०१३ पासून इथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, त्याआधी ती गुरुवार-शुक्रवारी होती. जुन्या ओळखीच्या लोकांचा सल्ला ऐकताना हे ध्यानात ठेवा.

सर्वांत मोठे कारण पाऊस. इथे वर्षातले बहुतेक दिवस कोरडे, त्यामुळे आपण त्याला विसरतो. हिवाळ्यात आणि वसंतात डोंगरावर पाऊस झाला की कोरडी वादी काही मिनिटांत वाहू लागते. आपल्या गावातून वादी कलबूह आणि वादी अल अब्यद जातात, त्यांचे पाणी तुम्ही पाहिले आहे. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर शर्कियात पुरात शाळकरी मुलांसह अनेक जण गेले. वाहत्या वादीत गाडी घालणे हा ओमानच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तसा कायदा नसता तरी घालू नये. पाणी आले की थांबायचे, मग तीन तास लागोत की सहा. ज्याच्या हातात एक अख्खा दिवस शिल्लक आहे तो शांतपणे थांबू शकतो. ज्याचे जहाज चार तासांवर आहे त्याला मोह होतो. आदल्या दिवशी निघायला आम्ही सांगतो ते मुख्यतः या मोहासाठी.

गाडी न्यावी की बसने जावे? मुवासलातच्या बसगाड्या निझवा आणि मस्कत यांच्यात धावतात. वेळापत्रक बदलते, म्हणून आदल्या आठवड्यात पाहून जागा राखावी. भाड्याच्या टॅक्सीत इतरांबरोबर बसूनही जाता येते, पण आठवड्याच्या सहलीचे सामान आणि आजी बरोबर असताना ते त्रासाचे. स्वतःची गाडी नेली तर ती इतके दिवस ठेवायची कुठे, हा प्रश्न आधी सोडवा. हॉटेलला खोली राखतानाच विचारा. मस्कतमधल्या नातेवाइकांच्या इमारतीखाली ठेवणे सर्वांत स्वस्त, फक्त त्यांची जागा अडणार नाही ना, ते त्यांनाच विचारा. "काही हरकत नाही" हे मराठी माणूस हरकत असली तरी म्हणतो, हे मोठ्यांना माहीत आहे.

मस्कत हे लांबट शहर

निझव्याहून येताना बुर्ज अल सहवाचा मनोरा दिसला की मस्कत आले, असे आपण म्हणतो. विमानतळ तिथून जवळ. पण बंदर अजून सुमारे पस्तीस किलोमीटर दूर आहे! मस्कत गोल नाही, ते डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये पट्टीसारखे पसरले आहे. सीब, विमानतळ, अझैबा, घुब्रा, अल खुवैर, कुरुम, मग रुवी, दार्सैत, आणि डोंगर ओलांडला की मत्राह. त्याच्याही पलीकडे जुने मस्कत, जिथे अल आलम राजवाडा आहे. त्यामुळे 'मस्कतमधले हॉटेल' या दोन शब्दांवर विसंबू नये. विमानतळाजवळचे हॉटेलही मस्कतमधलेच, आणि सकाळच्या गर्दीत तिथून बंदर गाठायला तास लागू शकतो.

राहायला आमच्या मते दोनच जागा सोयीच्या, मत्राह किंवा रुवी. मत्राहच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रालगतच्या वळणदार रस्त्यावर, काही साधी हॉटेले आहेत. खिडकीतून धक्क्याला लागलेले जहाज दिसते आणि मुलांना झोप येत नाही. खोल्या जुन्या असतात, सगळीकडे लिफ्ट असेलच असे नाही. गुडघेदुखीवाले आजोबा बरोबर असतील तर हे आधी विचारून घ्या. रुवी चार-पाच किलोमीटर अलीकडे. तिथे हॉटेले जास्त, शाकाहारी जेवणाची सोय उत्तम, इडलीपासून थाळीपर्यंत सगळे मिळते, आणि दुकानदार हिंदीत बोलतो. रुवीतून मत्राहला शहर बस जाते, टॅक्सी तर कधीही. टॅक्सी नारिंगी-पांढऱ्या रंगाची. अॅपवरून बोलावली तर भाडे आधी कळते, रस्त्यावर हात केला तर बसण्यापूर्वी भाडे ठरवा किंवा मीटर लावायला सांगा. सामान जास्त असेल तर मोठी गाडी आदल्या रात्रीच सांगून ठेवावी. हॉटेलात मोठ्यांचे रेसिडेंट कार्ड आणि पाहुण्यांचे पासपोर्ट मागतात, ते सुटकेसच्या तळाशी ठेवू नयेत.

बंदराबद्दल थोडे. हे बंदर १९७४ पासून चालू आहे. पूर्वी इथे मालाच्या पेट्यांचे ढीग असत. २०१४ मध्ये व्यापारी मालाचे काम सोहारच्या बंदराकडे गेले आणि हे बंदर प्रामुख्याने पर्यटकांच्या जहाजांसाठी राहिले. तरी आत पायी फिरता येत नाही. फाटकापासून जहाजापर्यंत बसने नेतात. म्हणून हॉटेल फाटकासमोर असले तरी "चालत जाऊ" हा बेत फाटकापर्यंतच चालतो.

संध्याकाळ मोकळी आहे

आदल्या दिवशी पोचण्याचा हा नफा. कॉर्निशवर फिरा. मत्राहचा बाजार, म्हणजे सूक, संध्याकाळी पाहावा. दुपारी साधारण एक ते चार दुकाने बंद असतात आणि शुक्रवारी सकाळीही बहुतेक बंद. लोबान, चांदी, खंजीर, शाली आपल्या निझव्याच्या बाजारातही आहेत, आणि भाव आपल्याकडे बरे, असे आमचे निष्पक्ष मत! मासळीबाजार मात्र इथलाच. नवी इमारत २०१७ मध्ये उघडली. सकाळी लवकर गेलात तर सुरमई, ट्यूना, हामूर हारीने मांडलेले दिसतील. कोकणातली आजी तिथे भाव करू लागली तर तिला घाई करू नका, फक्त मासा विकत घेऊ देऊ नका. जहाजावर तो कोणी शिजवून देणार नाही.

ज्यांना देवदर्शन हवे त्यांनी जुन्या मस्कतमधल्या शिवमंदिरात किंवा दार्सैतच्या कृष्णमंदिरात जावे, दोन्ही जवळ आहेत.

बंदरासमोर उभे राहून मुलांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विमाने स्वस्त होण्यापूर्वी आपली माणसे इकडे जहाजानेच येत. ब्रिटिश इंडिया कंपनीची जहाजे मुंबईहून कराची, मस्कत करीत आखातात जात. त्यांतले 'द्वारका' हे जहाज १९८२ पर्यंत चालू होते. डेकवरचे उतारू आपली वळकटी बरोबर आणत आणि उघड्यावर पथारी पसरत. वळकटी म्हणजे गुंडाळून बांधलेले अंथरूण-पांघरूण. क्रूझच्या खोलीत टॉवेलचे हत्ती बनवून ठेवतात, तेव्हा ही वळकटी आठवावी.

कागदपत्रे : इथेच खरा घात होतो

उशीर झाला तर निदान धावपळ करता येते. कागद चुकला तर धक्क्यावर उभे राहून जहाजाला हात हलवावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका घरी असे झाले. मुले, आईबाबा आणि नाशिकहून आलेल्या आजी असे सगळे मिळून जाणार होते. आठ दिवस आधी कागद मांडून बसले तेव्हा दिसले की आजींचा ओमानचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा आहे. जहाज दुबईला जाऊन परत मस्कतला येणार, म्हणजे आजी ओमानबाहेर गेल्या की तो व्हिसा संपला, परत उतरताना नवा हवा. आठ दिवस हातात होते म्हणून मार्ग निघाला. धक्क्यावर हे कळले असते तर आजी रुवीत एकट्या राहिल्या असत्या, किंवा कोणीच गेले नसते.

म्हणून दोन शब्द पाठ करा, 'एकवार प्रवेश' आणि 'अनेकवार प्रवेश'. व्हिसावर ते इंग्रजीत असतात, अर्थ हाच. पाहुण्यांचा ओमानचा व्हिसा अनेकवार प्रवेशाचा आहे का? जहाज ज्या ज्या देशात थांबणार तिथला व्हिसा भारतीय पासपोर्टला लागतो का? अमिरातींसाठी तो लागतोच. जहाजावरून खाली उतरणार नसलात तरी कंपनी बहुधा तो मागते. जहाज दुबई करून ओमानच्या खसबला आले आणि मग अबू धाबीला गेले, तर अमिरातींत दोनदा प्रवेश झाला. नकाशावर बोट ठेवून मोजा, मुलांनो. हे गणित तुम्ही मोठ्यांपेक्षा बरे कराल.

पासपोर्टची मुदत सहल संपल्यावर निदान सहा महिने शिल्लक असावी. इथे मुलांचा पासपोर्ट दगा देतो. मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, लहानांचा सहसा पाचच वर्षांचा. आईबाबा आपल्या तारखा पाहून निश्चिंत होतात, आणि तुमचा पासपोर्ट कपाटात गुपचूप म्हातारा होत असतो. आजच काढून बघा.

सहल मस्कतहून चढण्याची आहे की दुबईहून, हेही तिकीट काढतानाच नीट विचारावे. आखातातल्या पुष्कळ सहली दुबईहून सुटतात आणि मस्कतला फक्त दिवसभर थांबतात. मध्येच मस्कतला चढू देतील की नाही, हे त्या त्या कंपनीवर आणि त्या त्या वर्षावर असते.

मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी कित्येक तासांनी येतात. म्हणून पासपोर्ट, रेसिडेंट कार्ड, आजोबांच्या गोळ्या, त्यांची डॉक्टरी चिठ्ठी, चष्मा आणि एक बदलीचा कपडा हातातल्या पिशवीत. भारतात सहज मिळणारी काही औषधे आखातात चिठ्ठीशिवाय नेता येत नाहीत, त्यामुळे ती चिठ्ठी गोळ्यांइतकीच महत्त्वाची.

संवाद (दोघांनी मोठ्याने वाचावा)

नात : आजी, तू बॅग भरलीस का?
आजी : भरली गं. पण उद्या सकाळी जहाज, मग आज दुपारीच कशाला निघायचं?
नात : जहाज उद्या पाचला सुटतं. पण चढायचं साडेतीनपर्यंत.
आजी : म्हणजे दुपार झाली की! सकाळी नाश्ता करून निघू.
नात : आणि वादी आली तर?
आजी : कोण आली?
नात : वादी, आजी! पाणी. रस्ता बंद होतो.
आजी : असं होय. आमच्याकडे सावित्रीला पूर आला की महाडला हेच. मग आजच निघू. जेवायचं काय तिथे?
नात : रुवीत थाळी मिळते. आजोबा, तुमच्या गोळ्या कुठे ठेवल्यात?
आजोबा : मोठ्या बॅगेत, अगदी खाली.
नात : वर काढा, आजोबा. ती बॅग रात्रीपर्यंत मिळायची नाही.
आजोबा : तुझी शाळा बरीच शिकवते हो.
नात : शाळा नाही, मराठीचा वर्ग.
आजी : मला बोट लागते, बरं का. आलं-लिंबू घेऊ दे.

पाहा, आजीला नात 'तू' म्हणते आणि आजोबांना 'तुम्ही'. पुष्कळ मराठी घरांत असेच असते, आणि त्यात आजीचा मान कमी होत नाही. तुमच्या घरी काय म्हणतात ते वर्गात सांगा.

आता 'बोट लागते'. 'बोट धक्क्याला लागली' म्हणजे बोट धक्क्याजवळ येऊन थांबली. 'मला बोट लागली' म्हणजे बोटीच्या हेलकाव्यांनी मला मळमळले. गाडी लागते, घाट लागतो तसेच. 'बोट' म्हणजे हाताचे बोटही, आणि 'माझे बोट लागले' हे आणखी तिसरेच. उच्चार ऐकून अर्थ लावायचा आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचे.

स्वाध्याय

१. जहाज सहाला सुटते आणि पावणेपाचपर्यंत चढायचे आहे. चढणे बंद होते ते सुटण्याच्या किती वेळ आधी? पूर्ण वाक्यात लिहा.

२. 'आदल्या दिवशी', 'आदल्या रात्री', 'आदल्या आठवड्यात' यांचा उपयोग करून मुक्कामाबद्दल तीन वाक्ये लिहा. 'काल' वापरायचे नाही.

३. निझव्यापासून मत्राहपर्यंतच्या वाटेवरची गावे क्रमाने लिहून नकाशा काढा. बुर्ज अल सहवा आणि विमानतळ दाखवायला विसरू नका.

४. जहाज मस्कत, दुबई, खसब, अबू धाबी, मस्कत असे जाते. ओमानमध्ये आणि अमिरातींत किती वेळा प्रवेश होतो? घरी पाहुणे असतील तर त्यांच्या व्हिसाशी हे उत्तर जुळते का, ते मोठ्यांबरोबर बसून पाहा.

५. आजी-आजोबांना किंवा फोनवरून गावच्या कोणाला तरी त्यांच्या बोटीच्या प्रवासाबद्दल विचारा. ते कुठून चढले, आदल्या रात्री कुठे राहिले आणि बरोबर काय खायला होते, ते दहा ओळींत लिहून आणा. चांगली उत्तरे पुढच्या अंकात घेऊ. झेरॉक्ससाठी काळ्या शाईने लिहावे, पेन्सिलीचे उमटत नाही.